व्याकरणकाराने लिहिलेला कायदा

ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत कायद्याची पदवी स्पॅनिशसोबत घेता येते. साधारण चार वर्षांचा अभ्यासक्रम, आणि त्यातलं एक वर्ष स्पेनमधल्या एखाद्या विद्यापीठात काढायचं. आपल्याकडे कुणाला हे सांगितलं की प्रश्न ठरलेला: "कायदा ठीक आहे, पण सोबत स्पॅनिश कशाला? दुभाषी व्हायचंय का?" प्रश्न रास्त आहे. कायदा एका कपाटात आणि भाषा दुसऱ्या कपाटात, अशीच आपल्याला सवय आहे.

मी एम.एस्सी. केलं रसायनशास्त्रात आणि पीएचडीला वळले विज्ञानाच्या इतिहासाकडे. व्याख्या कोण ठरवतं, आणि एकदा ठरली की ती कुठे कुठे जाऊन बसते, हा माझा विषय. त्या शोधात मी एका माणसापाशी येऊन थांबले, ज्याच्या टेबलावर ही दोन्ही कपाटं एकत्र रिकामी झाली होती. नाव आंद्रेस बेयो. त्याने १८४७ साली स्पॅनिशचं व्याकरण लिहिलं आणि १८५५ साली चिली देशाची दिवाणी संहिता. दोन्ही ग्रंथ आजही वापरात आहेत. पण बेयोकडे जायच्या आधी जरा मागे जाऊ, कारण स्पॅनिश आणि कायदा यांचा संसार त्याच्या कितीतरी आधी सुरू झालाय.

आधी शब्दच बघा. इंग्रजीत कायद्याला एक शब्द पुरतो, स्पॅनिशला दोन लागतात. 'लेय' म्हणजे विधिमंडळाने केलेला अमुक एक कायदा. 'देरेचो' म्हणजे एकूण कायदा, कायद्याची विद्या. शिवाय 'देरेचो' म्हणजे हक्क, आणि 'देरेचो' म्हणजे सरळसुद्धा. रस्ता विचारला तर याच शब्दाने सांगतात, सरळ जा म्हणून. 'खुरिस्प्रुदेन्सिया' हा आणखी एक चकवा. इंग्रजीतला त्याचा जुळा भाऊ म्हणजे कायद्याचं तत्त्वज्ञान, आणि स्पॅनिशमध्ये त्याचा नेहमीचा अर्थ न्यायालयांचे आजवरचे निवाडे. परीक्षेत इथे गडबड झाली तर अख्खं उत्तर भलत्याच गावाला जातं.

आता आपल्या जवळची गंमत. स्पेनमध्ये नगराध्यक्षाला 'अल्काल्दे' म्हणतात. हा शब्द अरबीतल्या 'अल-काजी'वरून आला. म्हणजे आपला काजी. कोर्टाच्या शिपायाला किंवा बेलिफाला जुना शब्द 'अल्ग्वासिल', तो 'अल-वजीर'वरून. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला 'अल्बासेआ' म्हणतात, त्याच्या पोटात 'वसियत' दडलेली आहे. स्पेनच्या मोठ्या भागावर कित्येक शतकं अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं, त्याच्या या खुणा. आपल्याकडेही वकील, फिर्याद, जामीन, तारीख हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी तालुक्याच्या कोर्टात आज विचारून बघा, तारीख पडते ती पडतेच.

स्पॅनिशमध्ये कायदा लिहायचा मोठा प्रयोग केला तो कास्तियेचा राजा अल्फोन्सो दहावा याने. त्याची कारकीर्द १२५२ ते १२८४. त्याच्या दरबारात तेराव्या शतकाच्या मध्यावर 'सिएते पार्तीदास' नावाचा सात भागांचा कायदेग्रंथ तयार झाला. त्या काळी युरोपात कायद्याच्या विद्येची भाषा होती लॅटिन. अल्फोन्सोने तो लोकभाषेत, कास्तियानोत लिहून घेतला. आपल्याकडे ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण काळ जवळपास तोच. याच राजाने ग्रहगणिताची कोष्टकंही करवून घेतली आणि ती युरोपात पुढे काही शतकं वापरात होती, म्हणून आमच्या विज्ञानाच्या इतिहासात त्याची वर्णी लागते. थोडा मिरवायचा शौकही असावा: सातही भागांच्या पहिल्या अक्षरांची ओळ लावली की 'अल्फोन्सो' हे नाव तयार होतं.

सातव्या भागात, अगदी शेवटाजवळ, एक प्रकरण फक्त शब्दांच्या अर्थांबद्दल आहे. त्यात एक नियम असा की या ग्रंथात 'जो पुरुष अमुक करील' असं म्हटलं असेल तिथे बाईही धरायची, वेगळं सांगितलं नसेल तर. कायदा लिहिणाऱ्याला व्याकरणातल्या लिंगाचा निकाल लावावा लागला! हे कलम लक्षात ठेवा, सहाशे वर्षांनी ते परत भेटणार आहे.

मग येतं १४९२. हे साल आपल्याला कोलंबसामुळे पाठ असतं. त्याच वर्षी, कोलंबस अजून समुद्रात असताना, आंतोनिओ दे नेब्रिखा या पंडिताने कास्तियानोचं व्याकरण छापलं आणि राणी इसाबेलाला अर्पण केलं. प्रस्तावनेत त्याने म्हटलंय की भाषा ही कायम साम्राज्याची सोबतीण राहिली आहे. हे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. मला त्याच प्रस्तावनेतला दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो: जिंकलेल्या लोकांना जेत्याचे कायदे घ्यावे लागतील, आणि त्या कायद्यांसोबत आपली भाषाही. म्हणजे व्याकरणाचा उपयोग काय, तर हरलेल्यांना हुकूम कळावा!

हुकूम कळावा ही काळजी पुढे किती घेतली गेली ते वीस-एक वर्षांत दिसलं. साधारण १५१३मध्ये पालासिओस रुबिओस या कायदेपंडिताने एक मसुदा केला, नाव 'रेकेरिमिएन्तो', म्हणजे फर्मावणी. अमेरिकेत एखाद्या गावावर चालून जाण्याआधी स्पॅनिश सैनिकांनी तो मोठ्याने वाचायचा. आशय असा: देवाने जग निर्माण केलं, त्याच्या वतीने पोप आहे, पोपने ही भूमी कास्तियेच्या राजांना दिली, तुम्ही हे मान्य करा. नाही केलंत तर आम्ही युद्ध करू, तुम्हाला, तुमच्या बायकामुलांना गुलाम करू, आणि जे मरतील त्यांचा दोष तुमच्यावर. वाचन झाल्याची नोंद करायला सोबत लेखनिक. कागदपत्र अगदी चोख. ऐकणाऱ्यांना स्पॅनिशचा एक शब्द कळत नव्हता, एवढीच काय ती अडचण. कधी ते रिकाम्या गावात वाचलं गेलं, कधी लांबूनच. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने लिहून ठेवलंय की हे वाचून हसावं की रडावं तेच कळत नाही.

कायदा आणि स्पॅनिश या जोडीचा हाही इतिहासच आहे, आणि पदवीच्या माहितीपुस्तिकेत तो नसतो.

आता बेयो. जन्म १७८१, काराकासचा. आजच्या व्हेनेझुएलाची ही राजधानी तेव्हा स्पॅनिश साम्राज्यात होती. कायदा आणि वैद्यक दोन्हीचं शिक्षण त्याने सुरू केलं आणि अर्धवट सोडलं. सिमोन बोलिवार हा पुढचा मुक्तिनायक लहानपणी काही काळ त्याचा विद्यार्थी होता, वयात अंतर दोनच वर्षांचं. हुम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ १८००च्या सुरुवातीला काराकासच्या डोंगरावर चढला तेव्हा त्या चमूत बेयोही होता, पण शिखरापर्यंत काही तो पोचला नाही. तब्येतीने नाजूक असावा.

१८१०मध्ये बोलिवारसोबत तो लंडनला गेला, नव्या सरकारसाठी ब्रिटनचा पाठिंबा मिळवायला. जायचं होतं थोड्या दिवसांसाठी. राहिला १९ वर्षं. तिकडे राज्यक्रांतीचे चढउतार होत राहिले आणि पगाराचा पत्ता नाही. शिकवण्या केल्या, जेरेमी बेंथमची किचकट हस्ताक्षरातली हस्तलिखितं लावून दिली, उरलेला वेळ ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. परदेशात पैशांची चणचण आणि वाचनालय फुकट, हे गणित आमच्यातल्या अनेकांना ओळखीचं वाटेल. तिथे बसून त्याने जुन्या स्पॅनिश काव्याचा अभ्यास केला, स्पेलिंगच्या सुधारणा मांडल्या. १८२९मध्ये चिली सरकारने नोकरी दिली आणि तो सांतियागोला गेला. १८६५मध्ये तिथेच वारला. परराष्ट्र खात्यात काम केलं, सिनेटर झाला, १८४३मध्ये चिली विद्यापीठाचा पहिला रेक्टर झाला, खगोलाची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं, आंतरराष्ट्रीय कायद्यावर पाठ्यपुस्तक लिहिलं. माणूस एकच, हे परत परत स्वतःला सांगावं लागतं.

त्याचं व्याकरण मला का आवडतं ते सांगते. त्याआधीचे पुष्कळ व्याकरणकार स्पॅनिशला लॅटिनच्या साच्यात कोंबत होते. स्पॅनिश नामांना विभक्तीची रूपं नसतानाही ती शिकवली जायची. बेयो म्हणाला, भाषेत जे आहे तेवढंच सांगा. (मराठीचं व्याकरण संस्कृतच्या की इंग्रजीच्या साच्यात घालायचं, हा आपलाही जुना वाद. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं, म्हणजे बेयोच्या ११ वर्षं आधीचं.) क्रियापदांच्या काळांना त्याने नवी नावं दिली, आणि ती दिली पद्धतशीरपणे: वर्तमान, भूत, भविष्य हे पाया, त्याआधी 'आन्ते' लावलं की 'त्याच्या आधी', 'को' म्हणजे 'त्याच वेळी', 'पोस' म्हणजे 'त्याच्या नंतर'. 'तो येणार होता' यात येणं हे भूतकाळातल्या एका क्षणाच्या नंतरचं, म्हणून ते 'पोस-भूत'. उपसर्ग जोडत जा, अर्थ आपोआप निघतो. रसायनशास्त्र शिकलेल्याला हे बघून घरी आल्यासारखं वाटतं. मिथेन, इथेन, डायक्लोरोइथेन, तसंच. नावातच रचना.

आणि प्रस्तावनेत त्याने ते का लिहिलं हे सांगितलंय. रोम कोसळल्यावर लॅटिन फुटून वेगवेगळ्या भाषा झाल्या. आता स्पेनचं साम्राज्य फुटलं, डझनभर देश झाले. स्पॅनिशचंही तसंच झालं तर? तसं झालं तर अडथळा कशाकशात येईल याची यादी तो देतो: ज्ञानाचा प्रसार, कायद्यांची अंमलबजावणी, राज्याचा कारभार, राष्ट्राची एकी. व्याकरणाच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत कायद्यांची अंमलबजावणी! त्याच वर्षांत तो दिवाणी संहितेच्या मसुद्यावरही काम करत होता, हे माहीत असलं की मग नवल वाटत नाही.

तोवर चिलीत अल्फोन्सोची 'पार्तीदास' चालूच होती. देश स्वतंत्र झाला होता, पण वारसाहक्काचा वाद आला की सहाशे वर्षांपूर्वीच्या राजाचा ग्रंथ उघडायचा. बेयोची संहिता डिसेंबर १८५५मध्ये जाहीर झाली आणि १ जानेवारी १८५७पासून लागू झाली. अडीच हजारांहून जास्त कलमं. नेपोलियनची १८०४ची संहिता त्याच्यासमोर होती, रोमन कायदा होता, 'पार्तीदास'ही होती, आणि त्याने तिन्हींतून निवडून घेतलं.

माझ्या कामाचा भाग सुरुवातीलाच येतो, कलम १९च्या पुढे. कायदा वाचायचा कसा याचे नियमच त्याने कायद्यात घातलेत. कलम २० सांगतं की शब्दांचा अर्थ त्यांच्या नैसर्गिक, उघड अर्थाने, लोकांच्या सर्वसाधारण वापराप्रमाणे घ्यायचा. कायद्याने स्वतः व्याख्या केली असेल तर ती. कलम २१ सांगतं की एखाद्या शास्त्रातला किंवा कलेतला शब्द असेल तर ते शास्त्र जाणणारे जो अर्थ घेतात तो घ्यायचा. म्हणजे 'आम्ल' म्हणजे काय हे न्यायाधीशाने ठरवायचं नाही, रसायनवाल्यांना विचारायचं. एका वाक्यात त्याने विज्ञानाची कायद्यातली जागा ठरवून टाकली. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून मी जरा पक्षपाती आहे.

कलम २५मध्ये आपली जुनी ओळख भेटते. 'पुरुष', 'व्यक्ती', 'प्रौढ' असे शब्द सर्वसाधारण अर्थाने आले तर त्यात स्त्री-पुरुष दोन्ही धरायचे. उलट 'स्त्री', 'विधवा' असे शब्द मात्र पुरुषांना लागू नाहीत, स्पष्ट सांगितल्याशिवाय. अल्फोन्सोचा नियम, बेयोच्या वळणाने. व्याकरणात बाईला जागा मिळाली.

संहितेत मिळाली का? त्याच संहितेत पुढे होतं की नवऱ्याने बायकोचं रक्षण करायचं आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळायची. लग्न झालेल्या बाईला बऱ्याचशा व्यवहारांसाठी नवऱ्याची परवानगी लागायची. हा 'पतीचा अधिकार' चिलीत कायद्यातून गेला तो १९८९मध्ये. औरस आणि अनौरस मुलांमधला भेद १९९८च्या कायद्याने गेला. 'व्यक्ती' या शब्दात तुम्ही मोडता, असं कलम २५ सांगतं. त्या व्यक्तीला सही करता येते का, ते दुसरीच कलमं सांगतात. नुसती भाषा येणारा पहिल्यापाशी थांबेल. स्पॅनिशसोबत कायदाही शिकायचा तो पुढचं पान उलटण्यासाठी.

बेयोची भीती खरी ठरली नाही, स्पॅनिश फुटली नाही. म्हणूनच त्याची संहिता प्रवास करू शकली. एक्वादोर, एल साल्वादोर, निकाराग्वा, कोलंबिया यांनी ती थोड्याफार फरकाने उचलली. भाषांतराची गरजच नव्हती. एका देशातला कायदा दुसऱ्या देशात शब्दशः चालतो, यासाठी कायद्याइतकीच भाषाही एक असावी लागते.

कोलंबियात या जोडीला वेगळंच फळ आलं. रुफिनो होसे क्वेर्वोने बेयोच्या व्याकरणावर टिपा लिहिल्या. त्याचा मित्र मिगेल आंतोनिओ कारो, ज्याने त्याच्यासोबत लॅटिनचं व्याकरण लिहिलं होतं, तो १८८६च्या राज्यघटनेचा मुख्य शिल्पकार आणि पुढे राष्ट्रप्रमुख झाला. मार्को फिदेल स्वारेसने बेयोच्या व्याकरणावर अभ्यासग्रंथ लिहिला आणि १९१८मध्ये तोही राष्ट्राध्यक्ष झाला. व्याकरणावरून सत्तेत जाता येतं असा देश जगात दुसरा मला माहीत नाही. ऐकायला छान वाटतं. पण शुद्ध बोलणं ही राज्य करायची पात्रता ठरली, की अशुद्ध बोलणारे आपोआप बाहेर राहतात. शुद्धलेखनावरून कुणाची लायकी ठरवण्याचा खेळ मराठीतही कमी चालत नाही, त्यामुळे हे समजायला आपल्याला फार वेळ लागू नये. बेयोचं स्वतःचं स्पेलिंग, बाय द वे, स्पेनच्या अकादमीच्या हिशेबाने अशुद्धच होतं. कायदा या अर्थाचा 'लेय' तो शेवटी वेगळं अक्षर घालून लिहायचा. चिलीत त्याच्या विचारांवर आधारलेलं वेगळं स्पेलिंग १९२७पर्यंत चाललं.

आता कलम ८. कायदा लागू झाल्यावर तो माहीत नव्हता अशी सबब कुणालाही सांगता येणार नाही. हे तत्त्व आपल्याकडेही आहे, बहुतेक ठिकाणी असतं. पण ते कलम २०च्या शेजारी ठेवून वाचा. शब्दांचा अर्थ 'सर्वसाधारण वापराप्रमाणे'. कुणाचा वापर? संहिता लागू झाली तेव्हा चिलीच्या दक्षिणेला मापुचे लोक स्वतंत्रपणे राहत होते, त्यांची भाषा मापुदुंगुन. १८६१ ते १८८३ या काळात चिलीच्या सैन्याने तो मुलूख ताब्यात घेतला. त्यानंतर जमिनीचे दस्त स्पॅनिशमध्ये, कज्जे स्पॅनिशमध्ये, आणि माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. 'रेकेरिमिएन्तो' निदान मोठ्याने वाचून तरी दाखवायचे. बेयोला मी मोठा मानते, पण स्पॅनिश फुटेल ही चिंता करताना, जी मुळात ज्यांची भाषाच नव्हती ती माणसं त्याच्या हिशेबात धूसर राहिली, असं मला वाटतं.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथे स्पॅनिश नाही, तिची सख्खी बहीण पोर्तुगीज. पोर्तुगालची दिवाणी संहिता १८६७ची, गोव्याला लागू झाली १८७०मध्ये, आणि मुक्तीनंतरही तिचा कौटुंबिक कायद्याचा भाग टिकला. मुलं असतील तर सगळी मालमत्ता मर्जीप्रमाणे मृत्युपत्राने देता येत नाही, अर्धी राखीव. बेयोच्या संहितेतही राखीव हिश्शाची हीच कल्पना आहे, मुळं दोन्हींची रोमन कायद्यात. पण गोव्यातल्या माणसाच्या घराचा निकाल ज्या ग्रंथावर लागायचा त्याचं अधिकृत इंग्रजी भाषांतर सरकारने प्रसिद्ध केलं ते २०१८मध्ये. तोवर मूळ कलम वाचायचं तर पोर्तुगीज येणारा जुना वकील गाठायचा. तिथे "कायद्यासोबत पोर्तुगीज कशाला?" असं कुणी विचारलं नसतं.

आणि बोलिव्हिया. २००९च्या राज्यघटनेचं पाचवं कलम स्पॅनिशसोबत मूळनिवासींच्या ३६ भाषांना अधिकृत ठरवतं, त्यांची नावानिशी यादी देतं. पुढे कलम २३४मध्ये सार्वजनिक पदावर येण्याच्या अटी आहेत, आणि त्यातली एक अशी की देशातल्या किमान दोन अधिकृत भाषा बोलता आल्या पाहिजेत. म्हणजे ला पाझमध्ये कायदा शिकून सरकारी पदावर जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला स्पॅनिश तर लागणारच, सोबत आयमारा, केचुआ किंवा त्या यादीतली आणखी एखादी.